इंग्लंडमधले पब ग्रीक चॅनेलवर फुटबॉल दाखवायचे, ती चोरी होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलतभाऊ बर्मिंगहॅमजवळ पब चालवायला घेतोय, त्याला कुणीतरी परदेशी चॅनेलचं, टीव्हीच्या बॉक्समध्ये घालायचं स्वस्त कार्ड देऊ केलंय आणि 'एक बाई यावर युरोपच्या कोर्टात केस जिंकली आहे, बिनधास्त लाव' असं सांगितलंय. हे खरं आहे का, आणि मुळात ही चोरी नाही का?

बाई जिंकली हे खरं. बिनधास्त लाव हे खोटं. चोरीचं मात्र एका शब्दात सांगता येत नाही.

मी वकील नाही. 2010-11 मध्ये इंग्लंडात एम.एस्सी. करत होतो आणि व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा होती, ते तास एका पबच्या काउंटरमागे घालवले. पबचं नाव सांगत नाही, कारण तिथे नेमकं तुम्ही विचारताय तेच चालायचं. मागच्या भिंतीवर डिश टीव्हीच्या दोन छत्र्या होत्या. एक सगळ्यांच्या घरांवर असते तशी, आग्नेयेकडे तोंड केलेली, स्काय या तिथल्या बड्या टीव्ही कंपनीचे चॅनेल ज्या उपग्रहांवरून येतात ते तिकडे असतात म्हणून. दुसरी जरा मोठी आणि आणखी दक्षिणेकडे वळलेली. पहिल्याच आठवड्यात मालकाने सांगितलं, ही दुसरी छत्री 'ग्रीसची'. ती खरं तर हॉट बर्ड नावाच्या उपग्रहाकडे बघत होती आणि बॉक्समध्ये नोव्हा या ग्रीक कंपनीचं कार्ड होतं.

शनिवारी दुपारी तीनला पब भरायचा. समालोचन ग्रीक भाषेत. 'कालिस्पेरा', म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणून सुरुवात व्हायची आणि बारवर बसलेले दोन म्हातारे एका सुरात 'कालिस्पेरा' म्हणून उत्तर द्यायचे. पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड हे शब्द ग्रीकमध्येही जवळपास तेच, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे. एक दिवस मालकाला वाटलं, टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवरचं इंग्रजी समालोचन लावू. कल्पना चांगली होती, पण उपग्रहावरून येणारं चित्र रेडिओच्या काही सेकंद मागे असतं. स्ट्रायकर अजून मधल्या वर्तुळात चेंडू अडवतोय आणि रेडिओवर गोल झालेला. पाच मिनिटांत लोकांनी ओरडून ग्रीकवाल्याला परत बोलावलं.

आता तीन वाजताच का? इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना थेट दाखवायला बंदी आहे. 1960च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला: टीव्हीवर मोठ्या क्लबची मॅच दिसली तर लहान क्लबच्या मैदानावर तिकीट काढून कोण येणार? तो नियम आजही आहे. पण बंदी फक्त तिथल्या प्रेक्षकांना. तीच मॅच ग्रीसला, अरबस्तानाला, आपल्याकडे सगळीकडे दिसते. माझा मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेत बसून, रात्रीचं जेवण ताटात घेऊन, राजरोस ती बघायचा आणि मला फोन करून विचारायचा, "मॅच बघतोयस न्हवं?" मी त्या स्टेडियमपासून तासाभराच्या अंतरावर आणि मला ती नियमाने दिसत नव्हती. मामाला हे कधीच पटलं नाही. "आरं तिकडंच चाललीय की मॅच," असं तो दर वेळी म्हणायचा.

दुसरं कारण अर्थात पैसा, आणि इथेच ती बाई येते. कॅरन मर्फी. पोर्ट्समथच्या साउथसी भागात 'रेड, व्हाइट अँड ब्लू' नावाचा पब चालवायची. तेव्हाच्या बातम्यांत आकडे यायचे ते असे: स्कायचं पबसाठीचं कनेक्शन महिन्याला सुमारे 700 पौंड, आणि तिचं ग्रीक कार्ड वर्षाला सुमारे 800 पौंड. महिन्याला आणि वर्षाला, हे परत वाचा. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत वरची फुटबॉल स्पर्धा चालवणाऱ्या आणि तिचे टीव्ही हक्क विकणाऱ्या संस्थेच्या वतीने तिच्यावर फौजदारी खटला झाला. 1988च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 297: पैसे चुकवायच्या इराद्याने, अप्रामाणिकपणे प्रक्षेपण मिळवणे. दंड आणि खर्च मिळून जवळजवळ 8000 पौंड.

तिचं म्हणणं साधं होतं. कार्ड बनावट नाही, हॅक केलेलं नाही, नोव्हाने ते पैसे घेऊन विकलंय. मी फुकट काहीच बघत नाही. युरोपियन युनियन म्हणजे एक बाजार असं तुम्हीच सांगता, मग ऑलिव्ह ऑइल ग्रीसहून आणलं तर चालतं आणि मॅच आणली तर गुन्हा?

यातली गोम अशी की प्रीमियर लीग प्रत्येक देशाला वेगवेगळ्या भावाने हक्क विकते आणि करारात अट असते की तुमचं कार्ड तुमच्या देशाबाहेर जाता कामा नये. म्हणजे ब्रिटनमधली कंपनी जो भलामोठा आकडा मोजते, तो नुसत्या मॅचचा नसतो. आपल्या गिऱ्हाइकाला दुसरं दुकान दिसणार नाही, याचेही ते पैसे असतात. आपल्याकडच्या केबलवाल्यांनी जशा गल्ल्या वाटून घेतल्या होत्या आणि एकाची वायर दुसऱ्याच्या गल्लीत गेली की मारामाऱ्या व्हायच्या, तसंच हे, फक्त सुटाबुटात. मधले कार्डविक्रेते मग ग्रीसमधला खोटा पत्ता देऊन कनेक्शन घ्यायचे आणि कार्ड इंग्लंडला पाठवायचे. तेवढा खोटेपणा त्यात होता, नाही असं नाही.

प्रकरण लक्झेंबर्गला युरोपियन कोर्ट ऑफ जस्टिसकडे गेलं आणि 4 ऑक्टोबर 2011ला निकाल आला. तेव्हा मी त्याच काउंटरमागे होतो. त्या संध्याकाळी पबमध्ये अर्ध्या लोकांना वाटलं की आता स्काय बुडाली.

कोर्ट म्हणालं, दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड वापरायलाच बंदी घालणं हे सेवांच्या मुक्त व्यापाराविरुद्ध आहे. कार्ड देशाबाहेर देऊ नका ही करारातली अट स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. हक्कदाराला योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, पण नुसत्या कुंपणासाठी जादा पैसे मागण्याचा हक्क त्याला नाही. खोटा पत्ता देऊन घेतलं म्हणून मूळ कंपनीचं अस्सल कार्ड 'बेकायदा उपकरण' होत नाही. तीन वाजताच्या बंदीचा मुद्दाही लीगने मांडला होता, तोही चालला नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग: फुटबॉलची मॅच ही कॉपीराइटखाली येणारी निर्मितीच नाही, कारण ती खेळाच्या नियमांनी बांधलेली आहे, सर्जनाला तिथे वाव नाही. हे वाक्य मी मामाला फोनवर सांगितलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच बघत वाढलेला माणूस तो. 'त्या जजांना एकदा इकडं पाठव' एवढंच म्हणाला.

पण त्याच निकालात एक पाचर होती आणि तुमच्या भावाला कार्ड विकणारा ती सांगत नाही. मॅचवर कॉपीराइट नाही, मान्य. पण मॅचच्या आधीची ती चित्रफीत, लीगचं गीत, आधीच्या सामन्यांचे तयार करून ठेवलेले तुकडे, पडद्यावरची ग्राफिक्स, यांच्यावर आहे. आणि पबमध्ये गिऱ्हाइकांसमोर हे दाखवणं म्हणजे 'लोकांपर्यंत पोचवणं', त्याला परवानगी लागते. घरी सोफ्यावर बसून ग्रीक कार्ड लावणारा सुटला. पबवाला अडकला, मॅचसाठी नाही, कोपऱ्यातल्या बोधचिन्हासाठी!

मर्फीबाई स्वतः सुटल्या. 24 फेब्रुवारी 2012ला लंडनच्या हायकोर्टाने त्यांची शिक्षा रद्द केली, कारण त्यांच्यावरचा फौजदारी आरोप युरोपियन कायद्यापुढे टिकत नव्हता. पण बाकीच्या पबवाल्यांसाठी लीगने रस्ता बदलला. फौजदारीऐवजी दिवाणी दावे, आणि दाव्याचा आधार बोधचिन्ह आणि ग्राफिक्स. स्वान्सीच्या एका पबमालकाने डेन्मार्कचं घरगुती कार्ड पबमध्ये लावलं होतं. तो 2016 साली कोर्ट ऑफ अपीलमध्ये हरला. अशा दाव्यात नुसती भरपाई नसते, समोरच्या वकिलांचा खर्चही अंगावर येतो, आणि त्यापुढे स्कायचं बिल स्वस्त वाटायला लागतं.

आमच्या मालकाचं काय झालं? निकालानंतर महिनाभर तो छाती काढून फिरत होता. मग एका शनिवारी दोन अनोळखी माणसं आली, अर्धा अर्धा पाइंट घेऊन कोपऱ्यात बसली आणि मॅचपेक्षा पडद्याच्या कडेकडे जास्त बघत राहिली. स्कायच्या पबसाठीच्या कनेक्शनवर पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचं बारीक चिन्ह येतं. ते नसलं की तपासनिसाला काय ते कळतं. दोघांनी अर्धी बिअर तशीच टाकली आणि गेले. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. मालकाने ते मला वाचायला दिलं नाही, नुसतं घडी घालून गल्ल्यात ठेवलं. त्या शनिवारी टीव्ही बंद होता, रेडिओ चालू. दोघा म्हाताऱ्यांनी तरीही तीन वाजता काळ्या पडद्याला 'कालिस्पेरा' म्हटलं.

स्काय बुडाली का म्हणाल, तर 2010 ते 2013 या तीन हंगामांचे ब्रिटनमधले थेट प्रक्षेपणाचे हक्क पावणेदोनशे कोटी पौंडांच्या आसपास गेले होते. मर्फी सुटल्यावर चारच महिन्यांनी पुढच्या तीन हंगामांचा लिलाव झाला आणि आकडा तीनशे कोटी पौंडांच्या वर गेला.

राहिला आजचा प्रश्न. मर्फी जिंकली ती युरोपियन युनियनच्या मुक्त बाजाराच्या जोरावर. ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020ला संपला आणि तो जोरच गेला. म्हणजे भावाला जो निकाल दाखवून कार्ड विकताहेत, त्यातला त्याच्या फायद्याचा भाग आता त्याच्या कामाचा नाही आणि तोट्याचा भाग, तो कॉपीराइटचा, जसाच्या तसा उभा आहे. शिवाय हल्ली 'कार्ड' म्हणून जे गळ्यात मारतात, तो बऱ्याचदा इंटरनेटवरून चोरून चॅनेल ओढणारा बॉक्स असतो. मर्फीने निदान कुणा खऱ्या कंपनीला पैसे दिले होते. या बॉक्सची आणि तिची बरोबरीच नाही, ही सरळ चोरी.

मला विचाराल तर तेव्हा आमचा मालक नैतिकदृष्ट्या फारसा चुकला नव्हता, असं मी अजून मानतो. पण भावाला ते लावायला मी सांगणार नाही. स्काय पबला भाव लावते तो जागेच्या करासाठीच्या मूल्यांकनावर, सगळ्यांना सारखा नाही. तेव्हा जागेचा करार करण्याआधीच तो आकडा विचारून घ्या आणि बघा, आठवड्याला किती जादा पाइंट विकले तर तो निघेल. तो बर्मिंगहॅमच्या बाजूला आहे म्हणजे देसी पबच्या, आपल्या लोकांनी चालवलेल्या पबच्या, माहेरघरात आहे. तिथे गोरं गिऱ्हाईकसुद्धा मॅचइतकंच मिक्स्ड ग्रिलसाठी, म्हणजे तंदुरी मांसाच्या थाळीसाठी येतं. शनिवारी तीन वाजता पब भरायचा असेल तर त्याला आधी तंदूरवाला चांगला शोधायला सांगा.