देव, महास्फोट आणि एकनाड

प्रश्न : मुलगा फिजिक्स शिकतो. देव नाही हे विज्ञानानं सिद्ध केलंय, असं म्हणतो आणि आरतीलाही उभा राहत नाही. माझी आई माळकरी. पालखी पुण्यात आली की निवडुंग्या विठोबाला जातेच. ती नातवाशी बोलेनाशी झालीये. त्यात मुलीला चांगलं स्थळ आलं, पण पत्रिकेत एकनाड निघाली, म्हणजे दोघांची नाडी एकच आली, म्हणून आई अडून बसली आहे. बरोबर कोण?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मी स्वतः देव मानत नाही. पण आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणूनच मुलाचं ‘सिद्ध केलंय’ मला पटत नाही. विश्व एका अतिघन अवस्थेतून फुलत गेलं हा महास्फोटाचा विचार मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. तो न मानणारे फ्रेड हॉइल निरीश्वरवादी. आपले नारळीकर त्यांचेच विद्यार्थी. १९६५ साली त्या आरंभीच्या अवस्थेतून उरलेलं वैश्विक प्रारण सापडलं आणि पारडं लमेत्रांकडे झुकलं. मग देव सिद्ध झाला? १९५१ मध्ये पोपनी महास्फोटात निर्मात्याचा पुरावा पाहिला, तेव्हा ते खुद्द लमेत्रांनाच रुचलं नव्हतं. निकाल मोजमापांनी लावला. कोण देव मानतो हे तिथे कुणी विचारलं नाही.

आरतीची सक्ती मात्र करू नका. आगरकरांना याच पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली. तसला बहिष्कार घरात नको. आणि मुलानंही आजीच्या विठोबाला हसू नये. त्या भक्तीत मोजून खोटं ठरवावं असं काही नाही.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती एकनाडीची. कारण ही गोष्ट तपासता येते, आणि तिच्यापायी एका मुलीचं लग्न अडलंय. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत वाटलेली, प्रत्येकीत नऊ. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून नाडी ठरते. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे एका दिवशी जन्मलेली बहुतेक बाळं एकाच नाडीची! कुठल्याही तीन जोडप्यांत सरासरी एक एकनाडच निघणार, पत्रिका हा शब्दही न ऐकलेल्या देशांतसुद्धा. नाडीचा रक्तगटाशी संबंध असतो असं हल्ली सांगतात, तेही निराधार आहे. रक्तगट आईवडिलांकडून येतो, चंद्राकडून नाही.

२००८ साली नारळीकरांनी पुण्यातच ज्योतिषांची चाचणी घेतली. निम्म्या पत्रिका हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. कोणती कुणाची ते ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांची बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवून ५० आली असती.

आईंना पुढच्या पिढीची धास्ती असेल तर ती रास्तच आहे. त्यासाठी दोघांची थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला गंभीर आजाराची शक्यता २५ टक्के असते, आणि हे आधी कळलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुढचं ठरवता येतं. हे सगळं आजीला नातवानं समजावावं, शेजारी बसून, आवाज न चढवता. तुकोबांनी नवससायासांवर ओढलेले कोरडे आजींना पाठ असतील. तिथून बोलणं सुरू करता येईल. आणि मुलीला मुलगा पसंत असेल तर होकार कळवायला उशीर करू नका.