पीएचडीची शिष्यवृत्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एमएस्सी (रसायनशास्त्र) झाले आहे. ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असे आले. प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती सुरू होईल ना? – वाचक, सांगली

उत्तर : नाही. २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. नेटची जेआरएफ (कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती) फक्त पहिल्या गटाला : दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडे. दुसरा गट सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेशासाठी. तुमचा तिसरा, म्हणजे नुसता प्रवेशाचा. प्रवेशाच्या यादीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते, आणि हे गुण वर्षभरच चालतात.

नेट पुन्हा द्याच, पण जोडीला ‘गेट’ या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेचा रसायनशास्त्राचा पेपरही द्या. तो स्कोअर तीन वर्षे चालतो आणि त्यावर एखाद्या मार्गदर्शकाच्या प्रकल्पात, त्या प्रकल्पाच्या पैशातून, जेआरएफ म्हणून लागता येते. केंद्राच्या निधीतल्या प्रकल्पांत २०२३च्या सुधारित दरांनुसार तिथेही ३७,०००च मिळतात. फसगत होते ती मुदतीत. प्रकल्प बहुतेक वेळा तीन वर्षांचा असतो, पीएचडीला पाच लागतात. मधेच रुजू झालात तर दीड वर्षात पैसे थांबू शकतात आणि प्रबंध अर्धाच राहतो. म्हणून मुलाखतीतच विचारा : प्रकल्प कधी मंजूर झाला, किती महिने उरलेत, संपल्यावर संस्थेची शिष्यवृत्ती मिळेल का? उत्तर गोलमोल आले तर दुसरी प्रयोगशाळा बघा.

प्रश्न : जेआरएफ आहे, दोन वर्षे होऊन गेली, तरी ३७,०००च जमा होतात. – वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एसआरएफ आपोआप होत नाही. मूल्यमापन समिती बसावी लागते, त्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो आणि त्याची तारीख मिळता मिळता महिने जातात. दुसरे वर्ष संपायच्या दोन-तीन महिने आधीच मार्गदर्शकांच्या मागे लागा. घरभाड्याचेही बघून घ्या. वसतिगृहात खोली देऊ केली आणि तुम्ही नाकारली, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने घरभाडेही जाते.

प्रश्न : एम.फार्म.ला कॉलेजात पहिली आले. केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ ही पीएचडीची शिष्यवृत्ती मिळेल का? – वाचक, नाशिक

उत्तर : कॉलेजात पहिली येऊन भागत नाही, विद्यापीठात पहिला क्रमांक लागतो. फार्मसी चालते. विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या किंवा परीक्षा नियंत्रकांच्या सहीचे, ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. प्राचार्यांच्या लेटरहेडवरचे उपयोगी नाही. वयाची मर्यादा २७ वर्षे, त्यामुळे हे प्रमाणपत्र निकाल लागताच मागून ठेवा. शिष्यवृत्तीचे पैसे संस्थेमार्फत येतात. पुढच्या वर्षाचा हप्ता प्रगती अहवाल आणि खर्चाचा दाखला गेल्यावरच सुटतो, आणि तो दाखला लेखा विभागात अडकला की तुमचे पैसेही अडकतात.

प्रश्न : मेकॅनिकलचा बीटेक आहे, गेट झाली आहे. आयआयटीत थेट पीएचडीला पैसे मिळतात का? – वाचक, नागपूर

उत्तर : मिळतात, पण प्रवेश कोणत्या प्रकारात झाला ते बघा. अध्यापन साहाय्यकाच्या जागेवर असाल तर शिष्यवृत्तीच्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा पेपर तपासणी करावी लागते. बाह्य किंवा स्वखर्चाच्या जागेवर संस्था काही देत नाही, आणि नंतर प्रकार बदलून मिळेल या भरवशावर तिथे शिरू नका.