सायबर सुरक्षेच्या विद्यार्थी स्पर्धांतून पुढारी घडतात, की नुसते हॅकर?
स्पर्धा कोणती, यावर आहे. सीटीएफमध्ये, म्हणजे ‘कॅप्चर द फ्लॅग’मध्ये, लपवलेला ‘फ्लॅग’ (एक सांकेतिक मजकूर) शोधून गुण मिळवायचे. त्याने हात बसतो, एवढंच. नवख्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पिकोसीटीएफपासून सुरुवात करावी, फुकट आहे.

नेतृत्वाचा खरा कस लागतो तो अमेरिकेतल्या सीसीडीसीसारख्या, म्हणजे महाविद्यालयीन संघांच्या सायबर बचावाच्या स्पर्धेत. संघाच्या हाती एका कंपनीचं चालू नेटवर्क देतात. रेड टीम, म्हणजे हल्लेखोरांची भूमिका करणारा गट, हल्ले करत असते, मेल आणि वेबसाइट बंद पडू द्यायची नाही, आणि नेमका तेव्हाच ‘साहेबांना’ लेखी अहवाल हवा असतो! सर्व्हर कोणी सांभाळायचा, अहवाल कोणी लिहायचा, हे कॅप्टनने तिथल्या तिथे ठरवायचं.

धोरणाची आवड असेल तर अटलांटिक कौन्सिल या अमेरिकी धोरण-अभ्यास संस्थेची ‘सायबर ९/१२’ स्पर्धा बघा. तिथे कोडिंग नाही, परीक्षकांपुढे संकटावरचे पर्याय मांडायचे.