केझेड ईडीएक्स प्रो घेऊ का मूनड्रॉप चू २? बास पाहिजे, आणि कानातून पडायला नको

तुमचा प्रश्न वाचला आणि माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहून राहिलो, नाही तं मी इथे फक्त वाचतो. तुम्ही विचारलं की दोन हजाराच्या आत या दोन वायरवाल्या ईअरफोनपैकी कोणता घेऊ, बास (खालचा जाड, घुमणारा आवाज) दणकून पाहिजे, आणि शेवटी सहज लिहून टाकलं की आत्ताचे ईअरफोन एका कानातून सारखे निसटतात. भाऊ, ते शेवटचं वाक्यच तुमचा खरा प्रश्न आहे. ईअरफोन निसटून राहिला तं बास कुठून येणार?

माझंच सांगतो. २०२२ च्या शेवटी मी पहिला चू घेतला होता, तो जुना, ज्याची वायर निघत नाही. डब्यात तीन साइजचे टिप (कानात जाणारं रबर) होते, मी एम लावले, कारण एम म्हणजे माणसाचा कान असं मला वाटायचं, शर्टासारखं. आवाज साफ होता. आमचे बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे, त्यांची जुनी रेकॉर्डिंग आहेत माझ्या फोनमध्ये, त्यात पेटीवाला मध्येच खोकतो तेही ऐकू यायचं. मी खूश.

मग तान्ह्या पोळ्याला ताईकडे नागपूरच्या महाल भागात गेलो. भाच्याचा लाकडी नंदी सजवणं सुरू होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि भाऊजींनी विचारलं, कानात काय आहे बे तुझ्या, बापाच्या जमान्यातली वायर? मी म्हटलं ऐकून पाहा. त्यांनी ते वायर कानावरून न घेता सरळ खाली लोंबत सोडून कानात कोंबले, पाच सेकंद ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्यात बास कुठे आहे? मच्छर गुणगुणून राहिले नुसते." मग गळ्यातला नेकबँड काढून माझ्या कानात घातला, ६९९ ला घेतला होता म्हणे, सेलमध्ये. त्यात नुसतं धब धब धब. सगळे हसले, भाचा पण हसला, त्याला काय कळते, सहा वर्षांचा पोरगा.

मी तिथे काही बोललो नाही. पण घरी येऊन लावले तं मलाही बास कमीच वाटायला लागला. एकदा कोणी म्हटलं ना की भाजीत मीठ कमी आहे, की मग ती भाजी अळणीच लागते, तसं झालं. आठवड्याभरात मी तो चू मिहानमधल्या ऑफिसच्या एका मित्राला ७०० रुपयांत देऊन टाकला. तो आजही वापरतो. रोज माझ्यासमोर वापरतो.

त्याच्या जागी ईडीएक्स प्रो घेतला, बाससाठीच. बास होता, पण सगळा उजवीकडे. डावीकडून तबल्याची फक्त बारीक चाट वाजायची, घुमणारा डग्गा गायब. मेट्रोत खापरीपर्यंत जाईस्तोवर डावा तीनदा खाली यायचा, आणि मे महिन्यात घामाने तं विचारूच नका, वरून दुपट्टा बांधला की दुपट्ट्याने दाबून राहायचा तेवढा वेळ आवाज एकदम भरदार. आता एवढं झाल्यावर तरी माणसाला कळायला पाहिजे होतं ना? नाही कळलं. मी समजलो पीस खराब आहे.

बर्डीला मोदी नंबर तीनच्या गल्लीत एका दुकानात गेलो, रिपेअर करता का विचारायला. काउंटरवर पोरगा होता, वीस-एकवीसचा असेल. त्याने माझ्या हातातून घेतलाच नाही, म्हणाला कानातच राहू द्या, गाणं लावा. मग बोट पुढे करून डावा ईअरफोन हलकाच आत दाबला. बास आला. बोट काढलं, बास गेला. पुन्हा दाबला, आला. "काहीच खराब नाही काका, तुमचा डावा कान मोठा आहे." (काका म्हटलं हे वेगळं दुखणं.) मसाल्याच्या डब्यासारखा एक डबा उघडला, त्यातून चिमटीने एल साइजचा टिप काढून चढवला, वीस रुपये सांगितले. तिथेच, मागून गाड्यांचे हॉर्न सुरू असताना, मी बाबांची रेकॉर्डिंग लावली आणि डाव्या कानात डग्गा असा घुमला की मी त्या पोराचे पैसे द्यायचेच विसरलो, त्याने आवाज दिला मागून.

तेव्हा मला चू आठवला. चूमध्येही डावीकडे हाच एम टिप होता. म्हणजे सातशे रुपयांत मी ईअरफोन नाही विकला, स्वतःचा कान न मोजल्याचा दंड भरला.

कारण साधं आहे. कुकरची रिंग ढिली असली की वाफ बाजूने जाते आणि शिट्टी होत नाही, मग तुम्ही कुकरला शिव्या देता. इथेही तेच. आतला तो दहा मिलिमीटरचा पडदा किती हवा हलवणार? कानाची नळी पूर्ण बंद झाली तरच त्या थोड्या हवेचा दाब कानाच्या पडद्यावर पडतो आणि बास ऐकू येतो. जराशी फट राहिली की सगळ्यात आधी बास निघून जातो, वरचे कर्कश आवाज तसेच राहतात, म्हणून मच्छर. भाऊजींचा मच्छर तोच होता.

म्हणून आधी जे आहेत तेच कानात घाला आणि बोटाने हलके दाबून पाहा. दाबल्यावर बास वाढला तं टिप लहान आहे. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते, मग सोडा. वायर कानावरून मागे. दोन्ही कानांना एकच साइज लागेल असं कोणी लिहून दिलं नाही आहे. सिलिकॉन घामाने घसरत असेल तं फोमचे घ्या, ते दाबून घालायचे आणि आत फुगू द्यायचे, पण वरचा आवाज थोडा मऊ करतात आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर खराब होतात. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला असेल तं तोंडावरची जाळी पाहा, मळ अडकला असेल.

आता तुम्ही विचारलेल्या दोन ईअरफोनबद्दल. ईडीएक्स प्रोमध्ये बास जास्त आहे, वरचं पण जास्त, मधला गाणाऱ्याचा आवाज थोडा मागे जातो. ढोल-ताशा, डीजे, पिक्चर बघायला मस्त. चू २ जास्त सरळ वाजतो, गाणाऱ्याचा गळा पुढे येतो, बास आहे पण दाखवायला नाही ठेवलेला, आणि पहिल्या चूसारखं नाही, याची वायर निघते, म्हणजे वायर तुटली तं फक्त वायर घ्या. केझेडचीही निघते, पण दोघांच्या पिना थोड्या वेगळ्या आहेत, एकाची वायर दुसऱ्याला जबरदस्तीने कोंबू नका. बॉडी केझेडची मोठी आहे, चूची लहान आणि धातूची, एसीत थंड लागते. तुम्हाला दणकून बास पाहिजे तं केझेड घ्या, विषय संपला. मी स्वतः मात्र मागच्या वर्षी पुन्हा चू २ घेतला. हाव, पुन्हा.

आणि दिवाळीला भाऊजी घरी आले तेव्हा काहीच न सांगता तो त्यांना दिला. आधी त्यांचा कान ओढला, दोन्ही अर्थांनी, ताई हसून राहिली होती. दोन्हीकडे एल टिप लावले, वायर मागे घेतली, बाबांची रेकॉर्डिंग लावली. मधला चौपट ठेका आला तसे भाऊजी चिवडा खायचे थांबले. पूर्ण भजन ऐकलं. काढले तं म्हणाले, "हा चांगला आहे. नवीन टेक्नॉलॉजी असेल." मी म्हटलं नाही, टिप आहे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि काढताना उजवा टिप त्यांच्या कानातच राहून गेला, भाच्याने ओरडून सांगितलं, बाबा तुमच्या कानात रबर आहे. त्यांनी तो काढला आणि बोलता बोलता शर्टाच्या खिशात टाकला.

काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. मी काही एक्स्पर्ट नाही, माझे दोनच कान आहेत आणि ते पण वेगवेगळ्या साइजचे. फोनला गोल जॅक नसेल तं टाइप सी चा डोंगल लागेल, त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. कॉल करायचे असतील तं माइकवाला पीस घ्या, नंतर पस्तावाल. फिट नीट बसली की आवाज कमी ठेवूनही भागते, डब्ल्यूएचओ सांगते की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, त्याच्यावर कानाला धोका. आणि वर्धा रोडला गाडीवर कानात काहीच घालू नका, बाहेरचं खरंच ऐकू येत नाही.

भाऊजी, ताईने सांगितलं तुम्ही पण इथे उत्तरं वाचता. तो एल साइजचा टिप उजवीकडचा होता, निळ्या चौकटीच्या शर्टाचा खिसा पाहा. मी सध्या एम लावून फिरून राहिलो.