रुटाइलचा ओजे स्पेक्ट्रम: शिखर सरकतं कशामुळे, ऑक्सिजन घटतो कशामुळे

ओजे स्पेक्ट्रममध्ये इलेक्ट्रॉन बीम मारून पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात आणि तिच्यावरून तिथली मूलद्रव्यं ओळखतात. त्यात तुमच्या दोन तक्रारी आहेत. रुटाइल या टायटॅनियम ऑक्साइडच्या स्फटिकाच्या (११०) पृष्ठभागावर ऑक्सिजनचं शिखर ५०५-५१० ऐवजी ५४० ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आसपास येतं आणि दर स्कॅनला हलतं. शिवाय स्पटरिंगनंतर, म्हणजे आर्गॉन आयनांचा मारा करून पृष्ठभाग साफ केल्यावर, ऑक्सिजन कमी भरतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी टायटॅनियमची ३८७ आणि ४१८ ची शिखरं बघा, कार्बन असेल तर २७२ चंही. सगळी सारखीच तीसेक ईव्ही वर गेली असतील, तर ते निव्वळ चार्जिंग, म्हणजे पृष्ठभागावर विद्युतभार साठणं. रासायनिक बदल सगळ्यांना एकाच मापाने हलवत नाही. वर सरकलंय म्हणजे पृष्ठभाग ऋण झालाय: ५ केव्हीचा बीम सरळ पडतोय आणि आत शिरतात तितके इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. सॅम्पल तिरकं करा, बीम लंबापासून ६०-७० अंशांवर येऊ द्या, ऊर्जा ३ केव्ही किंवा त्याखाली ठेवा.

रुटाइलला याहून सोपा उपाय आहे. निर्वातात ६५०-७०० अंश सेल्सिअसला अर्धा तास अॅनील करा, म्हणजे तापवून ठेवा. फिकट पिवळसर स्फटिक निळा पडला की तो वीज वाहू लागला समजा. मॅग्नेशियम ऑक्साइडला ही युक्ती लागू नाही. तिथे तिरकं करणं, नाहीतर चांदीच्या स्फटिकावर त्याचे मोजके थर वाढवणं. सॅम्पल धरायला टँटलमची पट्टी घ्या. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअर बाजारातली पितळी क्लिप कितीही नेमकी बसली तरी नको: तापली की पितळातलं जस्त उडतं आणि चेंबरभर बसतं.

आता ऑक्सिजन. आर्गॉन आयन टायटॅनियमपेक्षा ऑक्सिजन जास्त उडवतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मोजणारा बीमही ऑक्सिजन काढतो, हे विसरलं जातं. नोटेक आणि फाइबेलमन यांनी १९७८ मध्ये याचं कारण मांडलं: टायटॅनियमच्या आतल्या कक्षेत पोकळी झाली की ती भरायला शेजारच्या ऑक्सिजनचेच इलेक्ट्रॉन जातात, आणि धन झालेला ऑक्सिजन बाहेर फेकला जातो. म्हणजे ओजे प्रक्रियाच सॅम्पल खराब करते.

हिशोब करून बघा. १ मायक्रोअँपिअर बीम ०.१ मिमी व्यासाच्या ठिपक्यावर दहा मिनिटं ठेवला, तर पृष्ठभागावरच्या एकेका अणूच्या वाट्याला जवळपास पन्नास हजार इलेक्ट्रॉन येतात. ठिपका १ मिमी केला की हा डोस शंभरपट उतरतो. त्यामुळे आधी फोकस सैल करा, प्रवाह कमी करा. मग नव्या जागेवर फक्त ऑक्सिजनचं शिखर दर मिनिटाला एकदा, असं दहा मिनिटं घ्या. उंची वेळेसमोर मांडून रेषा शून्य मिनिटापर्यंत मागे न्या. खरा आकडा तो. संपूर्ण स्पेक्ट्रम घेऊन मग गुणोत्तर काढलंत, तर तोवर पृष्ठभाग बदललेला असतो.

स्पटरिंग ०.५ ते १ केव्हीवर, दहा-पंधरा मिनिटं पुरे. त्यानंतर पुन्हा अॅनील. कार्बन हटत नसेल तर १०⁻⁶ टॉर ऑक्सिजनमध्ये ५०० अंशांना तापवा. अॅनीलनंतर २९१ ला नवं शिखर उगवलं तर दचकू नका, स्फटिकातलं कॅल्शियम वर आलंय. स्पटर-अॅनीलच्या फेऱ्या ते जाईपर्यंत चालू ठेवा.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये चेंबर उघडायची वेळ आली तर पुण्याची दमट हवा आत घेऊ नका, द्रव नायट्रोजनवरचा कोरडा वायू सोडा. पाणी एकदा भिंतींना धरलं की बेकिंग, म्हणजे चेंबर तापवून ते काढणं, लांबतं.