येताना वारा तोंडावर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत. आमची स्वतःची २८ फुटी शिडाची बोट असून तिला लहान डिझेल इंजिन आहे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघेच मुंबईहून मालवणला गेलो. जाताना प्रवास इतका सुखाचा झाला की परतीची काळजी आम्ही केलीच नाही. येताना रत्नागिरीत मुक्काम केला, त्या रात्री संकष्टी असल्याने चंद्र पाहून उपवास सोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता हर्णैकडे निघालो. जयगडपर्यंत ठीक होते. तिथून पुढे समोरून वारा वाढला, लाटांवर नाळ (बोटीचे पुढचे टोक) आपटू लागली आणि वेग दोन नॉटवर, म्हणजे ताशी दोन सागरी मैलांवर आला. मला उलट्या सुरू झाल्या, इंजिन दोनदा बंद पडले. रात्री आठच्या सुमारास दाभोळ खाडीत शिरायचे ठरवले, तर मुखावर पांढऱ्या लाटा फुटताना ऐकू येत होत्या. यजमानांनी बोट पुन्हा बाहेर काढली आणि रात्र आम्ही उघड्या समुद्रात घालवली. पहाटे मात्र वारा फिरला आणि हर्णै सहज गाठता आले, पण बंदराच्या अलीकडे इंजिनाच्या पंख्यात जाळे गुंतले आणि मच्छीमार बोटीच्या एका तांडेलाने (प्रमुखाने) येऊन ते सोडवले. यजमानांचे म्हणणे की मोठे इंजिन बसवावे. माझे म्हणणे की आम्ही वेळ चुकलो. बरोबर कोण?
– एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : आपण. आणि त्याचा पुरावा आपल्या पत्रातच आहे. संध्याकाळी जी बोट दोन नॉटने रखडत होती, तीच बोट, त्याच इंजिनावर, पहाटे हर्णैला सहज पोचली. रात्रीतून बदलला तो वारा.

कोकणचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना किंचित आग्नेयेस कलतो. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे मालवणला जाताना तो पाठीशी असतो आणि येताना नेमका तोंडावर. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास हा खारा वारा उठतो, तीन-चार वाजता भर धरतो आणि सूर्यास्तानंतर हळूहळू ओसरतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि उत्तररात्रीपासून सकाळी आठ-नऊपर्यंत जमिनीवरून मतलई वारा वाहतो. तो पूर्वेकडून येत असल्यामुळे उत्तरेला निघालेल्या बोटीला उजव्या कुशीवर मिळतो, आणि शिडाच्या बोटीला याहून चांगला वारा मागूनही मिळणार नाही. शिडावर चालणारी गलबते या किनाऱ्यावर उत्तरेला जात ती याच वाऱ्याच्या भरवशावर.

आता आपला तो दिवस पाहू. रत्नागिरी ते जयगड सुमारे १८ सागरी मैल, तिथून दाभोळ १७ आणि पुढे हर्णै १४ च्या आसपास. पाच नॉटचा वेग कायम राहिला असता तरी दहा वाजता निघून हर्णैला पोचायला रात्रीचे आठ वाजले असते. शिवाय दिवसाचा वाईट भाग पूर्ण वाटेत आला. तरीही उशिरा निघण्यापेक्षा मला जयगड ओलांडणे अधिक खटकते. जयगड हे शास्त्री नदीच्या मुखावरचे खोल पाण्याचे बंदर आहे, मोठी जहाजेही तिथे येतात, आणि किल्ल्याच्या टेकाडामागे खाडीत आत गेले की समुद्राचा त्रास उरत नाही. दुपारी दीडला वारा वाढताना दिसत असताना तिथे नांगर टाकला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. हर्णै ठरले होते म्हणून हर्णैलाच जायचे, हा हट्ट समुद्रावर फार महाग पडतो.

दाभोळच्या मुखाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण संकष्टीचा उल्लेख केल्यामुळे त्या रात्रीचे पाणीही सांगता येते. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. आपण वद्य पंचमीला निघालात. पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, म्हणून दुपारी पावणेचारला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, दहाच्या आगेमागे, पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे भरती आधी येते, त्यामुळे दाभोळला या वेळा थोड्या अलीकडे धराव्यात. म्हणजे आपण आठ वाजता मुखाशी आलात तेव्हा खाडीतून वाशिष्ठी नदीचे पाणी बाहेर पडत होते, दिवसभराच्या वायव्य वाऱ्याने उठवलेली लाट त्याला समोरून भिडत होती आणि वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ होत चालले होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की लाट उभी राहून फुटते. त्यातच संकष्टीनंतरचा चंद्र दहानंतर उगवणार, म्हणजे मिट्ट काळोख. अशा वेळी यजमानांनी बोट बाहेर काढली, हा त्या दिवसातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. खोल समुद्रातली रात्र त्रासाची असते, पण दांड्यावर आडवी पडलेली बोट बहुधा परत मिळत नाही. दाभोळ, बाणकोट, केळशी अशा मुखांत अनोळखी माणसाने उजेडातच आणि भरती चढत असतानाच शिरावे. दाभोळला दक्षिणेकडचा अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वराचे दीपगृह नजरेत ठेवता येते, पण वाळू दर पावसाळ्यात जागा बदलत असल्याने नकाशापेक्षा स्थानिक होडीवाल्याचा शब्द प्रमाण मानावा.

मोठ्या इंजिनाविषयी. समोरून तीव्र लाट असताना अधिक शक्ती लावली की बोट अधिक जोराने आपटते, आणि मागची बाजू उचलली गेली की पंखा हवेत फिरून इंजिन उगाच गर्जते. आपले इंजिन दोनदा बंद पडले ते शक्ती कमी पडल्याने नव्हे, असे मला वाटते. शांत पाण्यात टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि पाणी हेलकाव्यांनी ढवळून निघते आणि फिल्टर तुंबतो. आपल्या लक्षणांशी हे जुळते. टाकी तळापासून साफ करून घ्या, फिल्टरच्या आधी पाणी वेगळे करणारी वाटी बसवा, कॅनमधून भरताना डिझेल गाळून घ्या आणि जादा फिल्टर जवळ ठेवून तो हेलकाव्यात बदलण्याचा सराव बंदरातच करा. इंजिनाच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

परतीचा क्रम असा ठेवावा : मालवण ते देवगड किंवा विजयदुर्ग, तिथून रत्नागिरी, मग जयगड, मग हर्णै, मग दिघीची राजपुरी खाडी, आणि शेवटी मुंबई. शेवटचा टप्पा सोडला तर कोणताही टप्पा ३५ मैलांच्या फारसा वर जात नाही. पहाटे तीन-चारला नांगर उचलावा आणि बाराच्या आत टाकावा. शेवटचा टप्पा चाळिशीच्या घरात जातो, म्हणून त्या दिवशी निघणे आणखी आधी. अंधारात बंदर सोडण्याची भीती वाटत असेल, तर आत येताना जीपीएसवर उमटलेली स्वतःचीच वाट उलटी धरून बाहेर पडावे. वाघोटन खाडीवरचे विजयदुर्ग तर इतके सुरक्षित आहे की हवा बिघडली तर तिथे चार दिवस खुशाल बसावे. उत्तर अरबी समुद्रात शमालचे (वायव्येकडून येणारे जोरदार) वारे सुटले की त्यांची लांब लाट एक-दोन दिवसांत आपल्याकडे येते, तेव्हा इथे वारा नसूनही समुद्र उंच असतो. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या संस्थेच्या अंदाजात लाटांची उंची दिलेली असते, ती निघण्याआधी पाहावी.

जाळ्यांचा प्रश्न यानंतरही येणारच. पहाटे मच्छीमारांची ये-जा असते आणि थर्माकोलचा एखादा पांढरा तुकडा एवढीच जाळ्याची खूण दिसते. किनाऱ्यापासून थोडे दूर राहावे, एकाने पुढे बसून नजर ठेवावी आणि जाळे लागले असे वाटताच इंजिन तटस्थ करावे, उलटे फिरवू नये. जाळे कापावे लागले तर त्याची भरपाई विचारावी. ते जाळे म्हणजे कुणाची तरी मिळकत असते, आणि ज्या तांडेलाने आपल्याला सोडवले त्याने पैसे घेतले नसतील, असा माझा अंदाज आहे.

राहिला आपल्या दोघांचा प्रश्न, जो आपण विचारलेला नाही, पण पत्रभर आहे. दोन माणसांच्या बोटीवर एकाला बोट लागली की दुसरा एकटाच तांडेल, खलाशी आणि पहारेकरी होतो. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आलेपाक जवळ ठेवावा. दशम्या, लाडू, केळी असे शेगडी न पेटवता खाता येईल ते आदल्या रात्रीच हाताशी बांधून ठेवावे. पाळ्या तीन तासांच्या असाव्यात, आणि अंधारात एकट्याने सुकाणूवर असताना कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय बसू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत फिरण्याचा अधिकार. जमिनीवरच ठरवून टाका की दोघांपैकी कुणीही “फिरवा” म्हटले की बोट फिरेल आणि वाद बंदरात होईल. जयगडला आपल्याला तसे म्हणावेसे वाटले होते का, हे आपण लिहिलेले नाही. वाटले असणार.

प्रश्न : आम्हा दोघांनाही आमच्या लहान बोटीने अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत जायचे आहे. कोणते महिने चांगले, आणि कुणाला कळवावे लागते?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा अधिक कडक होतो. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे महिने आहेत : फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले, तौक्ते मे २०२१ मध्ये, आणि निसर्ग तर ३ जून २०२० ला आपल्याच जिल्ह्यावर धडकले. पावसाळ्यात जाण्याचा विचारही नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, त्यामुळे मदतीला समुद्रावर फारसे कुणी नसते.

निघण्याआधी बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना बोटीचे नाव, माणसे आणि मुक्काम लेखी कळवावेत. २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे, म्हणून नोंदणीची मूळ कागदपत्रे आणि ओळखपत्रे पाणी लागणार नाही अशा पिशवीत ठेवावीत. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ आहे. मोबाइल किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की बेभरवशाचा होतो, म्हणून व्हीएचएफ रेडिओ संच घ्यावा आणि त्यावरची संकटकाळासाठीची वाहिनी १६ सतत ऐकावी. मालवणात शिरताना मात्र कोणत्याही यंत्रावर विसंबू नये. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत, तेव्हा पहिल्या खेपेला देवगडहूनच मालवणचा एखादा जाणता माणूस बोटीवर घ्यावा आणि त्याच्या परतीच्या भाड्याची सोय आपण करावी.