वाचकांचे प्रश्न : ससे मारायला शेत कुठे मिळेल?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. माझ्याकडे एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी) आहे, जोर १२ फूट-पाउंडांच्या (ऊर्जेचं माप) आतला. सशांनी शेतकरी हैराण आहेत असं ऐकतो, पण दोन मोठ्या फार्मवरून नकार आला. मित्रालाही बरोबर न्यायचं आहे. शेत कसं मिळवावं?

उत्तर : मोठ्या फार्मचा नाद सोडा. तिथला शिकारीचा हक्क बहुधा आधीच एखाद्या गटाला भाड्याने दिलेला असतो. घोड्यांची कुरणं गाठा. सशाच्या बिळात पाय अडकून घोडा लंगडा होईल ही तिथल्या मालकाची कायमची धास्ती, आणि पाच-दहा एकरांच्या जागेकडे शिकारी सहसा फिरकत नाहीत. त्याखालोखाल रोपवाटिका आणि भाजीपाल्याची शेतं.

जाताना बंदूक गाडीतही नको, आणि अंगावर हिरवे-करडे शिकारी कपडेही नकोत. कापणीच्या ऑगस्टमध्ये किंवा मेंढ्या विण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये दार वाजवू नका. त्या दिवसांत कुणालाच बोलायला सवड नसते. ‘शिकार करू का?’ असं विचारलंत तर नकार ठरलेला. ‘सशांचा त्रास कुठल्या बांधाला आहे?’ असं विचारा. नाव, फोन आणि विम्याचा पुरावा हातात ठेवा. शूटिंग संघटनेच्या सभासदत्वासोबत सहसा तृतीय पक्षाचा विमा मिळतो.

हो म्हणणारा मालक आहे की खंडकरी, हे आधी विचारा. घोळ इथेच होतो. १८८० च्या ग्राउंड गेम (जमिनीवरचे ससे) कायद्याने खंडकऱ्याला ससे मारण्याचा हक्क आहे आणि तो करारानेही काढून घेता येत नाही. मात्र शिकारीचा हक्क जमीनमालकाने स्वतःकडे राखला असेल, तर त्या कायद्याखाली खंडकरी स्वतःखेरीज एकाच माणसाला लेखी परवानगीने बंदूक चालवू देऊ शकतो. म्हणजे तुम्ही किंवा मित्र, दोघे नाही. कबुतरांना हा कायदा लागूच नाही. मोहरीच्या जातीच्या रेप पिकाचा फडशा पाडणारे वुड पिजन (रानकबुतरं) मारायचे तर हक्कदाराची परवानगी हवीच, शिवाय जनरल लायसन्स जीएल४२ या सर्वांसाठी खुल्या सरकारी परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण चालू वर्षाचा मजकूर वाचावाच लागतो.

परवानगी कागदावर घ्या : कोणते प्राणी, कुठून कुठपर्यंत, कधीपर्यंत. सोबत नकाशावर हद्द, पायवाटा आणि जनावरांची कुरणं खुणावून घ्या. तुमचा छर्रा हद्दीबाहेर गेला तर तो गुन्हा आहे. बंदूक घेऊन चुकून शेजारच्या रानात शिरलात तरी पोलिसांना उत्तर द्यावं लागेल. प्रत्येक फेरीआधी मालकाला फोन करा.

नेमाबद्दल एकच कसोटी. दोन पौंडांच्या नाण्याएवढ्या वर्तुळात, शेतात नेम धरायला बसता तसं बसून, पाचपैकी पाच छर्रे ज्या अंतरावरून बसतात तेच तुमचं अंतर. बहुतेकांचं ते २५-३० मीटरपुढे जात नाही. सशाच्या डोक्यालाच नेम धरा. पोटात छर्रा बसलेला ससा बिळात शिरतो आणि तिथे तडफडत मरतो. क्लबातल्या टेबलावरचा नेम ओल्या गवतात टिकत नाही.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमचं शेत आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पीक तुडवतात. बंदुकीचा परवाना असलेला ओळखीचा माणूस बोलावू का?

उत्तर : नाही. सातबारा तुमच्या नावावर असला तरी प्राणी तुमचा नाही, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखीच देतो. गट क्रमांक, पीक आणि नुकसानीचे फोटो जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पोच घ्या. बंदूकवाल्याचं नाव आदेशात आहे ना, ते तपासा. या आदेशाने मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, तेव्हा मांसाचा वाटा कुणाला कबूल करू नका. आणि कुंपणात घरातल्या विजेचा प्रवाह कधीच सोडू नका. त्याने डुकराआधी शेजारचा माणूस मरतो.